आईची गादी ओली होते, कायमची नळी घालून घेऊ का?

पत्र

सिस्टर, माझी आई ७६ वर्षांची आहे. सात आठवड्यांपूर्वी पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात लघवीची नळी होती, ती काढूनच घरी सोडलं. वॉकर धरून हळूहळू चालते. पण गेले तीन आठवडे लघवी अजिबात सांभाळता येत नाही. उठून निघेपर्यंत कपडे ओले, रात्री गादी ओली. म्हणून संध्याकाळी पाचनंतर मी पाणी बंद केलंय, दिवसाही बेतानंच देतो. त्यात आता पाच दिवस जुलाब लागलेत. दिवसातून आठ-दहा वेळा, थोडं थोडं, पाण्यासारखं. कित्येकदा तिला कळतही नाही. जुलाब थांबवायच्या गोळ्या आणून दिल्या, फरक नाही. बाकी दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, शिवाय लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. घरात आम्ही दोघंच. सगळं मीच साफ करतो, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते. परवा कपाटामागे तिचे ओले गाउन कोंबलेले सापडले. मी ओरडलो तिच्यावर. नातेवाईक म्हणतात, एवढं करत बसण्यापेक्षा कायमची नळी घाल, वर डायपर आहेतच. घालून घेऊ का? एक मुलगा

उत्तर

नळी नको. निदान आत्ता तरी नको, आणि आईला कुणी हात लावून तपासल्याशिवाय तर मुळीच नको.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एकच गोष्ट शोधत होते: या बाईंना नीट, घट्ट, पोट मोकळं होईल अशी शौचाला शेवटची कधी झाली? ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुमची चूक नाही, हे कुणी विचारतच नाही. घरी गेल्यावर कॅलेंडर घेऊन बसा आणि मागे मागे जाऊन आठवा. जुलाब सुरू होण्याआधी चार-सहा दिवस काहीच झालं नव्हतं असं निघालं, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. वॉर्डात अशाच एक आजी होत्या, मांडीचं हाड मोडलेल्या. तीन दिवस मी चार्टवर ‘लूज मोशन्स’ लिहीत होते आणि चादरी बदलत होते. चौथ्या दिवशी आमच्या मोठ्या सिस्टर राउंडला आल्या. त्यांनी चार्ट वाचला, आजींच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, ‘ग्लोव्ह आण.’ तपासलं तर गुदाशयात मुठीएवढा कडक खडा बसलेला. मी तीन दिवस ज्याला जुलाब म्हणत होते, ते त्या खड्याच्या कडेकडेनं झिरपून येणारं पातळ पाणी होतं. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून कुणी ‘जुलाब’ म्हटलं की मी आधी ‘त्यापूर्वी कधी झाली होती?’ हे विचारते.

असं का होतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषून घेण्याचं. मळ तिथे जितका जास्त वेळ थांबेल तितका सुकत जातो. ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या आतड्याची हालचाल मंद करतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी कोठा आणखी जड होतो. वर माणूस बराच वेळ अंथरुणात, चालणं कमी, आणि पाणीही कमी. तुमच्या घरात ही सगळी कारणं एकत्र जमली आहेत. खडा खाली अडकला की वरचा पातळ भाग वाट काढून बाहेर येतो. गुदाशय सारखा ताणलेला राहिल्यानं आईला ते येताना कळत नाही. त्या निष्काळजीपणा करत नाहीयेत. त्यांच्यापर्यंत निरोपच पोचत नाहीये.

आणि आता लघवीकडे या. गुदाशय आणि मूत्राशय अगदी शेजारी शेजारी असतात. एक गच्च भरला की दुसऱ्याला जागा उरत नाही. दाबामुळे कधी सारखी घाई लागते, कधी उलटं होतं: लघवी पूर्ण सुटत नाही, आत तुंबते आणि काठोकाठ भरल्यावर थेंब थेंब गळत राहते. कोठा साफ झाल्यावर लघवीची निम्मी तक्रार आपोआप गेल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. तुमच्या आईंचंही असंच आहे असं मी पत्रावरून छातीठोकपणे सांगू शकत नाही. तपासल्याशिवाय कुणीच सांगू नये. पण तपासायचं काय, ते मात्र सांगू शकते.

आज किंवा उद्या डॉक्टरांना घरी बोलवा, नाहीतर आईला घेऊन जा. तिथे दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत मागा. एक, गुदद्वाराची बोटानं तपासणी. दोन, लघवी करून आल्याबरोबर सोनोग्राफी किंवा ब्लॅडर स्कॅन करून आत किती लघवी उरते ते बघणं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलीलिटर लघवी मावते आणि लघवीला जाऊन आल्यावर ते जवळजवळ रिकामं व्हायला हवं. दोनशेच्या वर उरत असेल तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही असं समजायचं आणि उपायांची दिशा बदलते. सोबत लघवीची तपासणीही होऊ द्या. पण तिथे एक धोक्याची सूचना: या वयात लघवीत जंतू सापडणं म्हणजे संसर्ग नव्हे. जळजळ, ताप, अचानक वाढलेली घाई, एकदम सुरू झालेली असंबद्ध बडबड असं काही असेल तर संसर्गाचा संशय घ्यायचा. नुसत्या वासावरून अँटिबायोटिक सुरू करू नका. वास बहुतेक वेळा पाणी कमी पडल्याचा असतो.

जुलाब थांबवायच्या गोळ्या आजपासून बंद. खडा असेल तर त्यांनी तो आणखी घट्ट बसेल. आणि खडा नसून खरेच जुलाब असतील, तरी हॉस्पिटलात अँटिबायोटिक्स झालेल्या माणसाला या गोळ्या आपल्या मनानं देणं धोक्याचं असतं. तशा जुलाबांना वेगळी तपासणी आणि वेगळं औषध लागतं. त्यांचा प्रकार कळेपर्यंत दर वेळी साफ केल्यावर साबणपाण्यानं हात धुवा. सॅनिटायझरनं भागत नाही, काही जंतूंना त्यानं काहीच होत नाही. ट्रॅमाडॉल मात्र एकदम तोडू नका, दुखणं उसळलं तर त्या चालायच्या थांबतील. डॉक्टरांना विचारा की मात्रा कमी करता येईल का, आणि जोवर ती चालू आहे तोवर सोबत रोज पोट साफ ठेवणारं औषध द्याल का. खरं तर हे औषध पहिल्या दिवसापासूनच जोडीनं द्यायला हवं. ते का दिलं गेलं नाही याच्यात आता शिरत नाही.

खडा निघाला तर तो काढणं हे नर्सचं किंवा डॉक्टरांचं काम आहे. तुम्ही बोट घालून प्रयत्न करू नका. आतली कातडी फाटू शकते, आणि तिथल्या मज्जातंतू ताणल्या गेल्यानं म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात. ते आधी मऊ करणारं औषध, सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची गोळी) किंवा एनिमा देतील. एक-दोन दिवस बरंच काही बाहेर येईल, आधीपेक्षा जास्त पसारा होईल. तेव्हा घाबरू नका, त्यासाठीच तर ते दिलेलं असतं. पुढच्या काळासाठी लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखं आतड्यात पाणी धरून ठेवणारं औषध बहुधा देतील. इसबगोल मात्र आपल्या मनानं सुरू करू नका. ते भरपूर पाणी पिणाऱ्या, हिंडत्याफिरत्या माणसासाठी ठीक. अंथरुणावरच्या, कमी पाणी पिणाऱ्या माणसाच्या पोटात त्याचाच गोळा होतो.

आता पाणी. तुम्ही ते बंद केलंत ते गादी वाचवायला, हे मला कळतं. जवळजवळ प्रत्येक घरात हेच करतात, आणि बहुतेक वेळा आजी स्वतःहूनच करतात. पण कमी पाण्यानं लघवी गडद होते, गडद लघवी मूत्राशयाला टोचते, आणि मूत्राशय भरायच्या आधीच घाई करायला लागतं. म्हणजे ओलं व्हायचं काही टळत नाही, वर कोठा दगडासारखा होतो. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल, तर दिवसभरात दीड लिटर तरी पोटात जाऊ द्या. त्यातलं बरंचसं सकाळपासून दुपारपर्यंत, संध्याकाळी थोडं कमी, आणि झोपण्याआधीच्या दोन तासांत घोटभर. चहा-कॉफी संध्याकाळी टाळा, त्यातल्या कॅफिननं घाई वाढते. पाऊण ग्लास भरून हातात द्या आणि त्या पिईपर्यंत जवळ बसा. उशाशी भरलेला तांब्या ठेवला म्हणजे पाणी प्यायलं जातं, असं होत नाही.

एक वही करा. तीन दिवस, तीन रात्री. किती वाजता किती पाणी प्यायल्या, किती वाजता लघवी झाली, किती झाली, कपडे कोरडे होते की ओले, आणि शौचाला झाली तर कशी. लघवी मोजायला कमोडच्या भांड्यातून मापाच्या जगमध्ये ओता. पॅडमध्ये गेलेली मोजायची असेल तर सोपी युक्ती आहे: कोरडं पॅड स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, ओलं झालेलं पिशवीत घालून तोला, वजाबाकी करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलीलिटर. शौचासाठी आम्ही ब्रिस्टलचा तक्ता वापरतो. १९९७ साली तो छापून आला आणि आज जगभरच्या वॉर्डांत भिंतीवर लागलेला असतो. सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे सुट्या कडक गोळ्या, दुसरा गाठी असलेला जाड सांडगा, तिसरा-चौथा हवा तसा, सहावा-सातवा पातळ. ‘बरी झाली’, ‘थोडी झाली’ असं लिहिण्यापेक्षा नुसता आकडा लिहिला की डॉक्टरांना लगेच समजतं.

ही वही का, ते एका उदाहरणानं सांगते. समजा नोंदीवरून दिसलं की सकाळच्या पाण्यानंतर आई साधारण सव्वादोन तासांनी ओल्या होतात. मग तुम्ही त्यांना पावणेदोन तासांनीच उठवायचं. ‘लागली का?’ असं विचारायचं नाही, कारण उत्तर ‘नाही’ असंच येणार. उठणं दुखतं, आणि मुलाला त्रास नको असतो. ‘चल, आपण एक फेरी मारून येऊ’ म्हणायचं. बसल्यावर घाई करायची नाही. झाली की दोन मिनिटं थांबून, जरा इकडेतिकडे हलून पुन्हा एकदा प्रयत्न करायला सांगायचा, उरलेली निघते. आठवडाभर हे जमलं आणि दिवस कोरडे जायला लागले की वेळ हळूहळू वाढवा. वॉर्डात मी यावर पॅडपेक्षा जास्त विश्वास ठेवायची.

तुम्ही लिहिलंय, ‘उठून निघेपर्यंत कपडे ओले’. यातला ‘निघेपर्यंत’ महत्त्वाचा आहे. उद्या घड्याळ लावून बघा: पलंगावरून उठणं, वॉकर घेणं, दारापर्यंत जाणं, कपडे वर करणं, बसणं. तीन मिनिटं लागत असतील आणि मूत्राशय एकच मिनिट देत असेल, तर बिघाड मूत्राशयात नसून अंतरात आहे. यावर औषध नाही, खुर्ची आहे. पलंगाला लागून कमोडची खुर्ची ठेवा, चाकं असतील तर लॉक करून. नाड्या, बटणं, अंगाला घट्ट बसणारे कपडे काढून टाका, कमरेला इलॅस्टिकचं सैल काहीतरी द्या. रात्री पलंगापासून कमोडपर्यंत मंद दिवा जळत राहू दे. पावलांवर सूज येत असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर वर ठेवून झोपू दे. दिवसभर पायात साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि त्याची लघवी होते. सूज नवी असेल किंवा एकाच पायाला असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशननंतर ती रक्ताच्या गुठळीचीही असू शकते.

शौचाला बसवायची उत्तम वेळ म्हणजे सकाळचं खाणं झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपणहून जागं होतं, त्या लाटेवर स्वार व्हायचं. कळ येवो न येवो, रोज त्याच वेळी दहा मिनिटं, दार लावून. इथे एक इशारा. पायाखाली छोटं स्टूल ठेवा, गुडघे वर घ्या, पुढे वाका, असा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. एरवी तो अगदी योग्य आहे, मीही देते. पण खुब्यात कृत्रिम सांधा बसवलेला असेल तर गुडघे कमरेच्या वर नेणं आणि पुढे वाकणं पहिले काही आठवडे मना असतं, सांधा निखळू शकतो. त्यामुळे सर्जन हो म्हणेपर्यंत आईंना उंच केलेली सीट, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, दोन्ही हातांना आधार. कुंथू देऊ नका. पोट फुगवून सावकाश श्वास सोडायला सांगा, आरशावर वाफ धरतो तसा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम आहेत आणि ते उपयोगाचेही आहेत, पण त्यांना फरक पडायला तीन महिने लागतात. ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून मग सुरू करा, आत्ता डोक्याला तो ताप नको.

कातडीचं मात्र आजच बघा. पाच दिवस पातळ शौच लागतेय म्हणजे कुल्ले आणि जांघा लाल झाल्या असणार. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते. लघवी कुजून अमोनिया तयार झाला की ती आम्लता जाते, आणि मग शौचातले पाचक रस कातडीच पचवायला लागतात. अंगाचा साबण अल्कधर्मी, तो लावून दर वेळी घासलं तर आगीत तेल. कोमट पाण्यात मऊ फडकं किंवा बिनसाबणाचा क्लेन्झर, तेही न घासता, पुढून मागे. बायकांच्या बाबतीत ही दिशा कधीच उलटू नका, मागचे जंतू पुढे गेले की लघवीचा संसर्ग होतो. मग टॉवेलनं टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइड किंवा पेट्रोलियम जेलीचा थर द्या. थर म्हणजे इतका पातळ की खालची कातडी दिसली पाहिजे. जाड लेप दिला तर तो पॅडला चिकटतो आणि पॅड लघवी शोषत नाही. पावडर लावू नका, ओलाव्यात तिचे गोळे होतात आणि घड्यांत टोचतात. लाली माकडहाडावर किंवा टाचेवर असेल आणि बोटानं दाबल्यावरही पांढरी होत नसेल, तर ती ओलाव्याची नाही, दाबामुळे होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे. तेव्हा नर्सला दाखवा, आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला. कुशीवर वळवताना दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी ठेवायला विसरू नका, खुब्यासाठी.

पॅड वापरायला माझा विरोध नाही. रात्री जरूर वापरा. फक्त दोन पॅड एकावर एक घालू नका, वरच्यातून खाली काही उतरत नाही आणि घाम मात्र धरतो. चालत्या माणसाला चड्डीसारखी वर ओढायची पँट बरी, ती स्वतःची स्वतः खाली करता येते. शौच लागलं की लगेच बदलायचं, तास बघत बसायचं नाही. आणि घरात त्याला ‘डायपर’ म्हणणं सोडून द्या. ‘पॅड’ म्हणा, ‘पँट’ म्हणा. आईंसमोर नातेवाइकांशी फोनवर त्यावर बोलणंही बंद करा. माणसाला ऐकू येतं.

आता नातेवाइकांच्या नळीबद्दल. कॅथेटर आत गेल्यापासून दर दिवशी साधारण तीन ते सात टक्के लोकांच्या लघवीत नव्यानं जंतू येतात. महिनाभर राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या. त्यातल्या काहींना ताप येतो, काहींच्या रक्तात जंतू जातात. नळीला लटकलेली पिशवी घेऊन वॉकरनं चालणारी बाई पडायला एक कारण जास्त. आणि गंमत अशी की कोठा गच्च असेल तर नळी असूनही तिच्या बाजूनं लघवी गळते, म्हणजे गादी ओलीच. शौचाचं तर नळीनं काहीच होत नाही. हे बोलणाऱ्यांनी कधी तुंबलेली नळी रात्री दोन वाजता निस्तरलेली नसते. काही वेळा नळीच योग्य असते: लघवी तुंबते आणि दुसऱ्या उपायानं सुटत नाही, माकडहाडावर उघडी जखम आहे आणि ती सारखी भिजते, किंवा माणूस शेवटच्या दिवसांत आहे आणि हलवलं तरी कळवळतो. स्कॅनमध्ये लघवी बरीच उरते असं दिसलं तर डॉक्टर काही दिवसांपुरती नळी घालतील, किंवा दिवसातून काही वेळा घालून लगेच काढायची पद्धत शिकवतील. तेव्हा नाही म्हणू नका. फक्त ती कधी काढायची, ते त्याच दिवशी विचारून घ्या. घरात राहिली तर पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर ठेवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा आणि नळी-पिशवीचा सांधा विनाकारण उघडू नका.

काही गोष्टींसाठी उद्याची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. सहा-आठ तास लघवीच नाही आणि ओटीपोट टणक होऊन दुखतंय. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वायूही सरत नाही. थंडी वाजून ताप आलाय. लघवीत किंवा शौचात रक्त दिसलं. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट हिरवी होते, ती चिंता नको. पण डांबरासारखी चिकट, काळीभोर आणि उग्र वासाची झाली तर ते रक्त असतं. पायांतली शक्ती एकदम गेली आणि दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली तर तासाभराचाही उशीर नको. अचानक भ्रम झाला, माणसं ओळखेनात, तर तुंबलेली लघवी आणि गच्च कोठा हीसुद्धा त्याची कारणं असतात, हे डॉक्टरांना आठवण करून द्या.

राहता राहिलं भिंतीकडे वळलेलं तोंड.

मी एकतीस वर्षं अनोळखी माणसांची अंगं पुसली. पण माझी आई आजारी पडली तेव्हा पहिल्या दिवशी माझाही हात थांबला, आणि मी तर मुलगी होते. तुमची आई भिंतीकडे बघते, कारण त्या खोलीत तेवढीच एक जागा आहे जिथे तुम्ही नाही. तिला विचारा, हे कुणी करावं असं तिला वाटतं. रोज एक वेळ घरी येणारी नर्स किंवा मदतनीस बाई मिळत असेल तर सकाळची मोठी सफाई तिच्याकडे द्या. बाकीच्या वेळी जितकं आई स्वतः करू शकतील तितकं त्यांनाच करू द्या. कमोडवर बसलेल्या असताना कोमट फडकं पिळून त्यांच्या हातात द्या आणि पाठ करून उभे राहा. पुढचं त्या पुसतील. मागचं राहिलं तेवढं तुम्ही पुसा. अंथरुणात करायची वेळ आली तर आधी दार लावा, अंगावर एक मोठा टॉवेल टाका, पांघरूण टॉवेलच्या खालून काढा आणि जेवढी जागा पुसायची तेवढीच उघडी करा. काय करणार आहात ते हात लावायच्या आधी सांगा. ओलं पॅड काढताना पुढची कड आत दुमडून गुंडाळत मागे न्या, म्हणजे शौच कुठे लागत नाही आणि दिसतही नाही. नाकाला रुमाल लावून, तोंड वाकडं करून उभं राहू नका. वास असह्य होत असेल तर खिडकी आधीच उघडून ठेवा आणि तोंडानं श्वास घ्या, आम्ही सगळ्या तेच करतो.

ओरडलात, त्याचं तुम्हाला लागलंय, म्हणून तर लिहिलंत. एकदा सरळ सांगून टाका, ‘त्या दिवशी चिडलो, चुकलं. पण हा जो खडा बसलाय ना, त्यामुळे होतंय सगळं, तुझ्यामुळे नाही.’ (खडा निघाला नाही तर जे कारण निघेल ते सांगा.) आपण घाण करत नाही, आपल्याला काहीतरी झालंय आणि त्याला नाव आहे, एवढं कळलं तरी पुष्कळ माणसं भिंतीकडून वळतात.

आणि कपाटामागच्या गाउनचा विषय परत काढू नका. पलंगाच्या पायथ्याशी झाकणाची एक बादली ठेवा, तिला एकदाच दाखवून द्या. पुढच्या वेळी काही ओलं झालं तर ते कपाटामागे न जाता तिथे जाईल. तीन दिवसांची वही झाली की त्या पानांचे फोटो पाठवा, रात्रीच्या वेळा आपण मिळून लावू.